उपवासात पिवळे होणारे डोळे, विडी आणि फुप्फुसाचा कर्करोग : विकरांच्या जनुकांवरून नेमके काय कळते?

वेदगंगा (निपाणी)

सर्व सभासदांना नमस्कार. उपवासाच्या दिवशी डोळे पिवळे पडणे हे आमच्या घरात पिढीजात आहे. वडिलांचे पडत असत, थोरल्या बंधूंचे पडतात आणि माझेही पडतात. लहानपणी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आई आम्हा दोघा भावांना अंगणात उजेडाला उभे करून पापण्या खाली ओढून पाहत असे आणि मग कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन जात असे. तो डोक्यावर माळ ठेवायचा आणि ती माळ वाढत वाढत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली असे ठरायचे. पोटभर जेवू लागल्यावर डोळे आपोआप पांढरे होत, पण श्रेय मात्र माळेला मिळे. चार वर्षांपूर्वी कोल्हापुरात रक्त तपासले तेव्हा माझे बिलिरुबिन २.१ निघाले आणि यकृताच्या बाकीच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्या. डॉक्टरांनी त्याला 'गिल्बर्ट' असे नाव सांगितले आणि यकृतातील एक विकर, ज्याला रिपोर्टात एन्झाइम म्हणतात, ते जन्मतःच सावकाश काम करते, त्यात काळजीचे काही नाही, असे समजावले.

बंधूंनी २६ वर्षे तंबाखूच्या वखारीत काम केले आणि त्या काळात रोज विडीचे एक बंडल संपवले. मी दिवसाला दहा-बारा विड्यांवर आहे. यंदा बंधूंना फुप्फुसाचा कर्करोग निघाला. रिपोर्टात 'लहान पेशींचा' असा उल्लेख आहे आणि उपचार मिरजेला चालू आहेत. याच दिवसांत एका नातेवाइकाने मोबाइलवर मजकूर पाठवला की, ज्यांचे बिलिरुबिन जन्मतः थोडे जास्त असते त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे इंग्लंडमध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसले आहे. हे खरे असेल तर बंधूंना हा आजार का झाला, आणि मला त्या पिवळेपणाचा काही आधार आहे का, हे कोणी जाणकाराने सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.

राकसकोप (बेळगाव)

वेदगंगा यांस, प्रथम आपल्या बंधूंना लवकर आराम पडो. मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असे आणि आता निवृत्त आहे, वैद्य नाही. तेव्हा पुढचे लिहिणे त्या मर्यादेत वाचावे.

आपल्याला आलेला मजकूर निराधार नाही. तो अभ्यास २०२० मध्ये 'थोरॅक्स' या नियतकालिकात आला. मात्र त्यात काय मोजले आणि कसे मोजले हे समजल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येणार नाही, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य उरते. यकृतातील यूजीटी१ए१ नावाचे विकर त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडते, त्यामुळे ते पाण्यात विरघळते आणि पित्तावाटे बाहेर पडते. हे विकर किती तयार करायचे याची सूचना जनुकाच्या आरंभीच्या भागात असते, आणि तिथे 'टीए' ही अक्षरांची जोडी सामान्यतः सहा वेळा येते. काही लोकांत ती सात वेळा येते. आई आणि वडील या दोघांकडूनही सात वेळांची प्रत आली तर विकराचे काम सामान्याच्या सुमारे ३० टक्क्यांवर उतरते, बिलिरुबिन थोडे साचते आणि उपवास, ताप किंवा अतिश्रम झाला की डोळ्यांत दिसते. ही स्थिती शंभरांत तीन ते दहा लोकांत आढळते, तेव्हा आपले घर जगावेगळे नाही. आपल्या मातोश्रींनी माळेसाठी दिलेले पैसे मात्र आता परत मिळणार नाहीत.

आता कर्करोगाकडे वळू. ज्यांच्या रक्तात बिलिरुबिन कमी, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग अधिक, हे जुन्या पाहणीतून दिसत होते. बिलिरुबिन परीक्षानळीत धुराच्या ऑक्सिडीकारक घटकांना मारक ठरते, म्हणून ते फुप्फुसाला वाचवत असावे, अशी कल्पना त्यावरून पुढे आली. या कल्पनेत एक मोठी फट होती, ती म्हणजे धूम्रपानानेच रक्तातले बिलिरुबिन उतरते. मग कमी बिलिरुबिनवाल्यांना झालेला कर्करोग हा बिलिरुबिनच्या अभावाने झाला की ज्या धुराने ते उतरवले त्या धुरानेच झाला? रक्त तपासून हे वेगळे काढता येत नाही.

जनुक इथे उपयोगी पडते. सहा 'टीए' मिळणार की सात, हे गर्भधारणेच्या क्षणी चिठ्ठी काढल्यासारखे ठरते, आणि पुढे माणसाने विडी ओढली किंवा सोडली म्हणून ती चिठ्ठी बदलत नाही. म्हणून संशोधकांनी रक्तातले बिलिरुबिन बाजूला ठेवून ही जन्मचिठ्ठी पाहिली आणि ज्यांना 'जास्त बिलिरुबिन'ची चिठ्ठी मिळाली त्यांची इतरांशी तुलना केली. या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. १९८६ मध्ये मार्टाइन काटान या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात, कमी कोलेस्टेरॉलमुळे कर्करोग होतो का हे ठरवण्यासाठी, अशीच युक्ती सुचवली होती. २००३ मध्ये जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी तिची नीट मांडणी केल्यापासून ती सर्वत्र वापरली जाऊ लागली.

वरील अभ्यास ब्रिटनच्या 'यूके बायोबँक' या, लोकांच्या जनुकांची आणि आरोग्याची माहिती साठवणाऱ्या संग्रहातील सुमारे ३ लाख ७७ हजार लोकांवर झाला आणि त्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २ हजार रुग्ण होते. बिलिरुबिन लिटरमागे ५ मायक्रोमोलने, म्हणजे आपल्या रिपोर्टातल्या मापात सुमारे ०.३ ने, जन्मतः जास्त असेल तर चालू धूम्रपान करणाऱ्या १०,००० लोकांमागे वर्षाला सुमारे ६ रुग्ण कमी, असा हिशेब निघाला. दिवसाला वीस किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांत हा आकडा २३ च्या आसपास होता, परंतु त्याची खात्रीची मर्यादा ७ पासून ३९ पर्यंत इतकी रुंद होती. ज्यांनी कधीच धूम्रपान केले नाही त्यांच्यात काहीच संबंध दिसला नाही.

शेवटचे वाक्य, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाचे आहे. संरक्षण असलेच तर ते धुराविरुद्धचे आहे आणि धूर आत घेतल्यावरच त्याचा प्रश्न येतो. सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग न ओढणाऱ्यांच्या १५ ते ३० पट आढळतो. त्या डोंगरापुढे यूजीटी१ए१ ची सावली केवढी, हे आपणच पाहावे. बंधूंच्या बाबतीत विरोधाभास मुळीच नाही, कारण १०,००० मधले सहा किंवा तेवीस कमी झाले म्हणजे उरलेल्यांना कोणी वगळलेले नसते.

वेदगंगा (निपाणी)

राकसकोप सर, आभारी आहे. आपण सांगितलेला हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. सामान्य माणसाचे बिलिरुबिन साधारण ०.५ धरले आणि माझे २.१, तर फरक १.६ होतो, म्हणजे ०.३ ची पाच पावले. मग सहाला पाचने गुणायचे का? दुसरे म्हणजे, जन्मचिठ्ठीवर इतका विश्वास का ठेवायचा? एखाद्या जनुकामुळे माणूस विडी जास्त ओढत असेल आणि त्याच जनुकामुळे कर्करोगही होत असेल, असे का असू नये?

आकडेमोड (मूळ खानापूर, सध्या बंगळूर)

वेदगंगा दादा, दुसरा प्रश्न तुम्ही सहज विचारला असेल, पण तो विचारणारे पहिले मोठे नाव रोनाल्ड फिशर यांचे आहे. मी संख्याशास्त्रात काम करतो आणि माझ्या विषयात या माणसाचे ऋण फेडता येण्यासारखे नाही. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगकेंद्रात काम करताना, कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे प्रयोग करणाऱ्याने आपल्या मर्जीने न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवावे, नाही तर चांगल्या जमिनीचे यश खताच्या नावावर जमा होते, हे त्यांनी जगाला पटवले. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. काळ्या रानात घातलेले खत नेहमीच गुणाचे ठरते. तेच फिशर १९५७-५८ मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावर शंका घेत उभे राहिले आणि जन्मजात ठेवणच माणसाला सिगारेटकडे आणि कर्करोगाकडे, दोन्हीकडे, नेत असेल, असे जुळ्यांची आकडेवारी देऊन म्हणू लागले. ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते, ही गोष्ट इथे नोंदवून ठेवतो.

पन्नास वर्षांनी, २००८ मध्ये, फिशर यांचे म्हणणे अर्धे खरे ठरल्यासारखे झाले. तीन स्वतंत्र गटांना पंधराव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागी फुप्फुसाच्या कर्करोगाशी जोडलेला जनुकीय फरक सापडला. त्या जागी मेंदूतील ज्या ग्राहीवर निकोटिन बसते त्याची जनुके आहेत. हा फरक थेट फुप्फुसात काही करतो की माणसाला अधिक ओढायला लावतो, यावर त्याच वर्षी वाद पेटला. 'दिवसाला किती सिगारेटी' या प्रश्नाच्या उत्तराने तो सुटेना, कारण दोन माणसे दहा-दहाच ओढत असली तरी एकाचा झुरका खोल असतो आणि दुसऱ्याचा उथळ. २०१२ मध्ये रक्तातील कोटिनिन, म्हणजे निकोटिनचे शरीरात रूपांतर होऊन तयार होणारे द्रव्य, मोजून पाहिल्यावर स्पष्ट झाले की या फरकाचे माणसे तेवढ्याच सिगारेटींतून अधिक धूर ओढून घेतात आणि कर्करोगातील वाढीचा बराचसा उलगडा त्यातच होतो. म्हणजे जनुक होते, पण त्याची वाट धुरातूनच जात होती.

या धाग्याच्या विषयाला अधिक जवळचे उदाहरण सीवायपी२ए६ या विकराचे आहे. यकृतात निकोटिनचे कोटिनिन बहुतांशी हेच विकर करते. ज्यांचे हे विकर मंद, त्यांच्या रक्तात निकोटिन जास्त वेळ टिकते, तलफ उशिरा येते, ते कमी ओढतात आणि त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोगही कमी आढळतो. जपानी लोकांत हे जनुक पूर्णपणे गळालेले असण्याचे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा पुष्कळ अधिक आहे, त्यामुळे तिथे हे फार चांगले अभ्यासता आले. परंतु हेच विकर तंबाखूतल्या नायट्रोसमाइन या द्रव्यांना कर्करोगकारक रूपही देते. तेव्हा मंद विकरवाला वाचला तो कमी ओढल्यामुळे की विष कमी जागे झाल्यामुळे? चिठ्ठी एकच आहे आणि तिच्यातून दोन वाटा फुटतात. या पद्धतीच्या तीन अटी आहेत : जनुकाने ती गोष्ट खरोखर बदलली पाहिजे, जनुकाचा माणसाच्या सवयी आणि परिस्थिती यांच्याशी इतर मार्गाने संबंध नसावा, आणि आजारापर्यंत जाणारी जनुकाची वाट आपण तपासतो आहोत त्या गोष्टीतूनच गेली पाहिजे. पहिली अट तपासता येते. दुसरी आणि तिसरी पुराव्याने भक्कम करता येतात, पण सिद्ध करता येत नाहीत.

तुमच्या गुणाकाराबद्दल माझे उत्तर 'गुणू नये' असे आहे. ती रेघ मधल्या भागात सरळ आहे म्हणून टोकालाही सरळच राहील, असे कोणी दाखवलेले नाही.

राकसकोप (बेळगाव)

आकडेमोड यांनी तिसऱ्या अटीचा उल्लेख केला म्हणून एक गोष्ट जोडतो, आणि वेदगंगा यांनी ती विशेष लक्षात घ्यावी.

विडीच्या, सिगारेटच्या आणि चुलीच्याही धुरात बेंझोपायरीन असते. कोणतीही वनस्पती अर्धवट जळली की ते तयार होते. ते स्वतः फारसे घातक नसते, त्याला घातक करते ते आपलेच शरीर. सीवायपी१ए१ हे विकर त्यावर ऑक्सिजन चढवते, एपॉक्साइड हायड्रोलेज नावाचे दुसरे विकर त्यात पाणी मिसळते, पहिले विकर पुन्हा एकदा ऑक्सिजन चढवते, आणि या तीन पायऱ्यांनंतर जे तयार होते ते डीएनएमधल्या ग्वानीन या अक्षराला चिकटून बसते. पी५३ या रक्षक जनुकात ते नेमके कुठे चिकटते हे १९९६ मध्ये दाखवले गेले, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातील गाठींत उत्परिवर्तने सर्वाधिक सापडतात त्यांतल्याच या जागा निघाल्या. कारण आणि परिणाम यांचा इतका थेट रेणवीय पुरावा विरळाच असतो.

हे सर्व चालू असताना काही विकरे उलट बाजूने, विष बांधून बाहेर टाकण्याचे काम करत असतात. त्यांत यूजीटी१ए१ सुद्धा आहे. बेंझोपायरीनच्या मधल्या पायरीवरच्या एका द्रव्यालाही ते ग्लुकुरॉनिक आम्ल जोडते, आणि सात 'टीए' असलेल्यांच्या यकृतात हे काम मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणजे वेदगंगा, आपले मंद विकर एका हाताने बिलिरुबिन वाढवून धुराला आवर घालत असेल, तर दुसऱ्या हाताने त्याच धुरातले विष शरीरात जास्त वेळ राहू देत असेल. बेरीज काय होते ते इंग्लंडच्या आकड्यांत दिसते, पण ती बेरीज सिगारेटची आहे. तेंदूच्या पानातून हवा कमी जाते, विडी पेटती ठेवायला घाईघाईने झुरके घ्यावे लागतात, आणि तंबाखू कमी असूनही तिच्यातून निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही, उलट अधिकच मिळते. तो हिशेब विडीवर जसाच्या तसा लावणे मला धाडसाचे वाटते.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

मी हा धागा दोन दिवस वाचते आहे. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात विडी ओढली नाही आणि तंबाखूही खाल्ला नाही. मात्र चाळीस वर्षे त्यांनी बंद स्वयंपाकघरात लाकडाच्या चुलीवर स्वयंपाक केला. खोकला सुरू झाला तेव्हा क्षयाचा संशय घेऊन पाच महिने त्यावरची औषधे चालली, त्यानंतर गाठ निघाली. रिपोर्टात 'अडेनोकार्सिनोमा', म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कर्करोग, आणि 'ईजीएफआर, एक्झॉन १९' असे लिहिले होते. रोजच्या एका गोळीवर त्या दोन वर्षे बऱ्या राहिल्या. रिपोर्टात जनुकाचे नाव पाहून माझ्या दोन्ही नणंदा घाबरल्या आहेत आणि आपलेही रक्त तपासावे असे म्हणतात. वर जन्मचिठ्ठी म्हटले आहे, तशीच ही चिठ्ठी आहे का?

राकसकोप (बेळगाव)

ताई, ही जन्मचिठ्ठी नाही, आणि हा गोंधळ इतका सर्रास होतो की रिपोर्टावर तसा खुलासा छापायला हवा, असे मला फार दिवसांपासून वाटते.

जनुकातले बदल दोन प्रकारचे असतात. एक आईवडिलांकडून आलेला, शरीराच्या प्रत्येक पेशीत असणारा. यूजीटी१ए१ चा बदल त्या प्रकारचा आहे. दुसरा माणसाच्या आयुष्यात एखाद्या पेशीत घडलेला, त्या पेशीपासून वाढलेल्या गाठीपुरता. ईजीएफआर या जनुकाच्या एक्झॉन १९ या खंडातला तुकडा गळणे जवळजवळ नेहमीच दुसऱ्या प्रकारचे असते, आणि म्हणूनच ते गाठीच्या तुकड्यातून किंवा गाठीतून रक्तात उतरलेल्या डीएनएतून तपासतात. ते मुलींना वारशाने जात नाही. आपल्या नणंदांनी त्यासाठी रक्त देण्याचे कारण नाही. ईजीएफआर हेही एका अर्थी विकरच आहे. पेशीला वाढण्याचा आदेश देणारे हे विकर त्या बदलामुळे सतत चालू राहते आणि गोळी ते बंद करते. आशियातील धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत हा प्रकार अधिक दिसतो, हे २००४ पासून ज्ञात आहे. लाकडाच्या चुलीच्या घरातील धुराला कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात ठेवले आहे आणि दगडी कोळशाच्या धुराला 'निश्चित कर्करोगकारक' म्हटले आहे.

वारशाच्या बाजूने विचारायचे तर धूम्रपान न करणाऱ्यांत जो जनुकीय फरक ठळकपणे पुढे आला, तो पाचव्या गुणसूत्रावरच्या टीईआरटी या जनुकाजवळचा आहे. टेलोमरेज हे विकर त्यातून बनते आणि गुणसूत्रांची टोके झिजू नयेत याची व्यवस्था पाहते. टोके लांब म्हणजे दीर्घायुष्य, अशी जाहिरात आपण वाचतो. २०१७ मध्ये मेंडेलियन पद्धतीने तपासले तेव्हा मात्र जन्मतः लांब टोके असणाऱ्यांत फुप्फुसाचा अडेनोकार्सिनोमा अधिक निघाला. ज्या पेशीला मरण उशिरा येते तिला बिघडायलाही वेळ मिळतो. जनुकांचा अभ्यास झाला नसता तर टोके लांब करणाऱ्या गोळ्यांचे दुकान आज निर्धास्त चालले असते.

हुक्केरीचा (हुक्केरी)

चर्चा चांगली चालली आहे, परंतु मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. यूके बायोबँकेतील सुमारे पाच लाख लोक २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाचे होते आणि त्यांत ९० टक्क्यांहून अधिक गोरे होते. निपाणीच्या वखारीत जर्दा चाळणाऱ्या बाईचा त्या आकड्यांत कोठे पत्ता नाही. आपल्याकडे 'जीनोमइंडिया'ने सुमारे १०,००० लोकांचे पूर्ण जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते संशोधकांसाठी खुले केले, हे मी वाचले आहे. मग आपल्या भागातले विकर आणि कर्करोग यांचे नाते त्यातून का शोधत नाहीत?

दुसरे असे की, काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एका तपासणी शिबिरात रक्त घेतले गेले. संमतीपत्रावर अंगठे आणि सह्या झाल्या, पण तो कागद ज्या भाषेत होता ती आमच्यातल्या वयस्क मराठी माणसांना वाचता येत नव्हती. सीमाभागात आम्ही सातबाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत हे सोसत आलो आहोत, पण रक्त आणि जनुक ही सातबाऱ्याइतकीच आपली मालमत्ता आहे, असे मला वाटते.

आकडेमोड (मूळ खानापूर, सध्या बंगळूर)

संमतीपत्राबद्दल तुमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहितीपत्रक सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेतच द्यावे लागते. पुढच्या वेळी ते मराठीत मागा, आणि मिळेपर्यंत सही करू नका.

जीनोमइंडियाविषयी सांगायचे तर तिथे रक्त निरोगी लोकांनी दिले आहे. आपल्याला ज्याची गरज आहे त्यात एकाच माणसाचे जनुक आणि पुढे त्याला झालेला किंवा न झालेला आजार, दोन्हींची नोंद हवी, आणि कर्करोगासारख्या आजारासाठी अशी हजारो माणसे अनेक वर्षे पाहावी लागतात. युरोपीय वंशाच्या लोकांवरील २०१७ च्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचे २९,२६६ रुग्ण होते. त्या तुलनेत जीनोमइंडियाचा उपयोग पायाचा आहे : आपल्याकडे कोणते रूप किती प्रमाणात आढळते हे त्यातून कळते. ते कळणेही लहान नाही. दारू पचवणाऱ्या एएलडीएच२ या विकराचे मंद रूप पूर्व आशियात भरपूर आहे, म्हणून तिथे दारू आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांचे नाते त्यावरून सुंदर तपासता आले. आपल्याकडे ते रूप दुर्मीळ आहे, त्यामुळे तीच चिठ्ठी आपल्या हातात कोरी निघते.

आपल्याकडे आणखी दोन अडचणी आहेत. आपल्या समाजात लग्ने शेकडो वर्षे आपापल्या गटात होत आली, म्हणून एखादे रूप एका गटात जास्त आणि तोच गट वखारीत जास्त, असे झाले तर जनुकाचा नसलेला दोष जनुकाच्या माथी बसेल. दुसरी अडचण खास निपाणीची आहे. वर मी कोटिनिनने वाद मिटला असे लिहिले, पण तंबाखूची हिरवी पाने खुडणाऱ्याच्या आणि विडी वळणाऱ्या बाईच्या शरीरात निकोटिन कातडीतून आणि धुळीतूनही जाते. एकही विडी न ओढता तिच्या लघवीत कोटिनिन निघते. इंग्लंडमध्ये जे मोजमाप धुराचा साक्षीदार होते, ते इथे कामाच्या जागेचा साक्षीदार ठरेल. अभ्यासाची आखणी इथल्या माणसाने केली तरच ही गोष्ट सुरुवातीला सुचते.

जाता जाता एक सावधगिरी सांगतो. तयार आकडे आता कोणालाही मोफत मिळतात, संगणकावर तासाभरात हिशेब होतो आणि 'अमुक विकर आणि तमुक कर्करोग' अशा शोधनिबंधांचा गेल्या काही वर्षांत पूर आला आहे. गॅमा जीटी हे यकृताचे विकर घ्या. दारूने ते वाढते, आणि दारू पिणारा बहुधा ओढतोही. ज्या जनुकांमुळे गॅमा जीटी बदलते त्यांतली काही दारूच्या सवयीशी किंवा वजनाशीही जोडलेली असू शकतात. ती वेगळी न काढता केलेल्या हिशेबाला मी किंमत देत नाही. निबंध हाती आला की मी पहिल्यांदा एवढेच पाहतो की, निवडलेला जनुकीय फरक त्या विकराच्याच जनुकात आहे की दूर कुठेतरी. यूजीटी१ए१ चा अभ्यास मला त्यातल्या त्यात पटतो, तो याच कारणाने.

राकसकोप (बेळगाव)

वेदगंगा, एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली आणि ती आठवल्यावर रात्री उठून लिहितो आहे. आपल्या बंधूंचे डोळेही उपवासात पिवळे होतात असे आपण पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. इरिनोटेकान नावाचे कर्करोगावरचे एक औषध आहे. लहान पेशींच्या फुप्फुस-कर्करोगात ते काही रुग्णांना दिले जाते. त्याचे शरीरात जे जहाल रूप तयार होते ते बाहेर टाकण्याचे काम यूजीटी१ए१ करते. सात 'टीए'च्या दोन प्रती असणाऱ्या रुग्णात ते साचते, पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात आणि तीव्र जुलाब होऊ शकतात. अमेरिकेत २००५ पासून त्या औषधाच्या माहितीपत्रकावर तशी सूचना आहे आणि अशा रुग्णांत मात्रा कमी करून सुरुवात करतात. बंधूंना हे औषध चालू आहे किंवा होणार आहे, असे मी म्हणत नाही. परंतु त्यांच्या डॉक्टरांना घरातला हा पिवळेपणा ठाऊक असणे आवश्यक आहे, आणि बंधूंची तशी तपासणी पूर्वी झालेली नसेल तर आपला कोल्हापूरचा रिपोर्ट तरी त्यांना दाखवावा.

वेदगंगा (निपाणी)

सर, काल मिरजेला जाऊन आलो. माझा जुना रिपोर्ट सोबत नेला होता. डॉक्टरांनी तो वाचला, बंधूंच्या मागच्या तीन महिन्यांच्या कागदांत बिलिरुबिनचे आकडे शोधले, आणि दोन ठिकाणी १.८ आणि १.९ अशी नोंद होती, जिच्याकडे आजारामुळे असेल म्हणून कोणी लक्ष दिले नव्हते. सध्याच्या औषधांत इरिनोटेकान नाही. पुढे बदलायची वेळ आली तर आधी यूजीटी१ए१ ची तपासणी करू, असे सांगून त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने तसे लिहून ठेवले. तुम्हाला हे कोणी सांगितले, असे त्यांनी विचारले, तेव्हा बेळगावच्या एका सरांनी, एवढेच म्हणालो.

बाहेर आल्यावर बंधूंनी मला खिशातले बंडल काढायला लावले आणि ते स्वतःजवळ ठेवून घेतले. निपाणीपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही.

मलप्रभाकाठ ताई, आपल्या नणंदांना सरांचे उत्तर वाचून दाखवा. हुक्केरीच्या मित्रांनी संमतीपत्राचा मराठी नमुना कोठे मिळतो हे शोधले तर इथेच टाकावे, आमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या बायकांसाठी मी त्याच्या प्रती काढून ठेवेन.